लाल सोडून सगळे

रंगसाहित्याला वर्षाचे साडेचारशे.
जूनमध्ये मिळतात, जुलैत संपतात.
मग मी पातेलं काढते.

एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी,
मंद आच, आणि हात थांबवायचा नाही.
थांबलात की गुठळ्या.
पळीवरून तार धरली की उतरवा.
बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात,
किडे लागू नयेत म्हणून.
मी नाही घालत. माझे किडे
बोटानं खळ चाटतात.
मी लवंगा टाकते. चार.

मळायच्या गोळ्यात मात्र मीठ,
मैद्याच्या निम्मं,
चमचाभर तेल, अर्धं लिंबू.
मीठ गोळा टिकावा म्हणून, असं रजिस्टरात लिहिलंय.
खरं कारण निशिगंधा.
पहिल्या वर्षी तिनं बिनमिठाच्या गोळ्याच्या चपात्या लाटल्या,
इतक्या गोल की मी शाबासकी दिली
आणि पाठ फिरवली.
वळून बघते तर तिनं चौघांना वाढल्या होत्या,
आणि चौघं जेवत होते.

हिरवा पालकाचा.
तपकिरी फुकट :
दांडेकर पुलाजवळचे अमृततुल्यवाले
चहाचा चोथा पिशवीत बांधून ठेवतात,
वर विचारतात, "बाई, शेजारी दुकान टाकताय का?"
निळ्याला कपड्यांची नीळ,
काळ्याला समईची काजळी,
ब्रशाला नारळाची शेंडी, काडीला दोऱ्यानं आवळलेली.
कागद अप्पा बळवंत चौकातल्या प्रेसमधला,
लग्नपत्रिकांची कापून उरलेली पट्टी;
आमचा हत्ती उलटा केला
तर पाठीवर निघतं : आपली उपस्थिती प्रार्थ

पिवळा, अर्थातच, हळदीचा.

लाल अडतो.
बीट दुसऱ्या दिवशी मातकट.
जास्वंद जांभळी पडते.
बाजारच्या कुंकवात काय असतं कोण जाणे,
आणि परत तेच, चाटतात.
म्हणून आमचे टोमॅटो हिरवे,
पीएमटी तपकिरी,
सिग्नलला दोनच दिवे.
मुलांनी कुरकुर केली नाही.
ती करत नाहीत. तेच टोचतं.

समाधान वायदंडे चित्र काढत नाही.
कागदभर हळद फासतो,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
भिंत सारवावी तशी.
"काय आहे रे हे?"
"पिवळं."

त्या मंगळवारी त्यानं खिशातून
एक चपटी डबी काढली,
नखानं काही पांढरं उकरलं
आणि पिवळ्यावर रेघ ओढली.

रेघ लाल झाली.

सतरा मुलं उठून आली.
मी सगळ्यात शेवटी पोचले.

आजोबांच्या बोटाला कापलं म्हणे,
आजीनं हळद दाबली,
बोटाला तंबाखूचा चुना होता.
एवढंच. त्यानं बघून ठेवलं होतं.
मी डी.एड.,
सांगलीची, हळदीच्या पेवांवर खेळून वाढलेली.
मला सुचलं नव्हतं.

चुना जिभेला भाजतो.
डबी माझ्याकडे घेतली, काडीही,
रांग लावली, प्रत्येकाला एकच रेघ,
मग हात धुवायचे, नखांसकट.
एकच रेघ म्हटल्यावर
कधी नव्हे ती मुलं विचार करत बसली.
कुणी सिग्नल पुरा केला.
कुणी बसला एक पट्टा दिला.
निशिगंधानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं
आणि मग आईच्या चित्रात
कपाळावर एक टिंब. रेघेतलं उरलेलं
परत ठेवा म्हणाली.

साडेबाराला आजोबा दारात.
"माझी डबी."
उघडली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"बाई, संपवला की हो."
दोरीवर कागद वाळत होते.
ते चष्मा नसल्यासारखे जवळ गेले,
एकेक हुंगल्यासारखा बघत.
डबी खिशात घातली. नातवाला म्हणाले,
"उद्या नाही मिळायची."
तो "बरं" म्हणाला.

मुलं गेल्यावर रजिस्टर उघडलं.
'लाल' पुढचा रकाना
तीन वर्षं कोरा होता.
लिहिलं :
साठा, नखभर.
उसना.